कडप्प्यावरचं ग्रंथालय

थोरली सहा वर्षांची झाली आणि तिला घरीच शिकवायचं ठरलं, ते साल २०१४. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू होता. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत जागा मिळण्याचा हक्क तो देतो. घरी शिकणाऱ्यांबद्दल स्पष्ट काही बोलत नाही. आमच्या लासूर स्टेशन गावात जो तो विचारायचा, ‘मग पुढं दहावीचं काय?’ त्याला उत्तर होतं: राष्ट्रीय मुक्त विद्यालय, १९८९ पासून चालू असलेलं. ‘एवढ्या पुस्तकांचं करणार काय’ हा प्रश्न मात्र घरातलाच होता आणि त्याला पुढची दहा वर्षं लागली.

सुरुवातीचा साठा सासऱ्यांचा. दिवाळी अंकांचे गठ्ठे, वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे काही खंड, १९७१ पासून बालभारती काढते त्या ‘किशोर’चे सुटे अंक. भर आम्ही घातली. पॅसेंजरने निघायचं, पोटूळ, दौलताबाद मागे टाकत छत्रपती संभाजीनगर गाठायचं आणि औरंगपुऱ्यातल्या दुकानांतून पिशवी भरून आणायची. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं, ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदऱ्यांची, भोपाळच्या एकलव्यची हिंदी. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं छापून, शिवून घेतली. विश्वकोश पुढे संगणकावर फुकट वाचता येऊ लागला, तरी खंड काढले नाहीत. एक नोंद शोधताना शेजारच्या चार वाचल्या जातात, ते पडद्यावर होत नाही.

भिंतीतल्या कडप्प्याच्या फळ्या भरल्या, लोखंडी रॅक आले, आणि ‘ते पुस्तक कुठंय?’ दिवसातून दहादा ऐकू यायला लागलं. नात्यातले एक निवृत्त ग्रंथपाल म्हणाले, ड्यूई लावा. मेल्व्हिल ड्यूईने १८७६ साली काढलेली ही दशांश पद्धत जगभर चालते. पण मराठी घरात ती कशी बसते ते बघा. अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, ऐसपैस जागा. आपली मराठी मात्र ८९१.४६. म्हणजे घरातल्या बहुतेक कथा, कविता, नाटकं एकाच दशांशाच्या सांदीत. धर्माच्या दोनशेच्या घरातही बहुतेक आकडे ख्रिस्ती धर्माला, आणि ज्ञानेश्वरी, गाथा २९४.५ मध्ये. आपल्याकडे रंगनाथनांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण दिलं, ते डोकेबाज आहे. पण आठ वर्षांच्या मुलाला त्यातला क्रमांक वाचून दाखवा आणि तोंडाकडे बघा.

लेखकाच्या आडनावाने लावण्याचाही प्रयोग झाला. मुलं पुलंना ‘प’त शोधणार, आडनाव सांगतं ‘द’. कुसुमाग्रज ‘क’त आणि वि. वा. शिरवाडकर ‘श’त, माणूस एकच. साने गुरुजींना कुणी गुरुजींशिवाय हाक मारत नाही. ग्रंथालयांत अशा ठिकाणी ‘पाहा’ची चिठ्ठी ठेवतात. आम्हीही ठेवल्या. धाकट्याला पुस्तकापेक्षा चिठ्ठ्यांचाच नाद लागला. कथा-कादंबऱ्यांना आजही हीच रचना आहे आणि त्यात फार वाईट काही नाही.

इतिहास-भूगोलाची फळी मात्र आमची स्वतःची, आणि तिचा मला अभिमान आहे. ती सालावारीने नाही, लासूर स्टेशनपासून किती लांब त्यावर लावली आहे. डाव्या टोकाला इथलंच: निजामाच्या काळात आलेली मनमाड-हैदराबाद रेल्वे, दाक्षायणीचं देऊळ, कापूस आणि कांदा, मराठवाडा मुक्तीचा १७ सप्टेंबर १९४८. मग वेरूळ आणि देवगिरी, म्हणजे राष्ट्रकूट, यादव आणि १३२७ मध्ये राजधानी इकडे हलवणारा तुघलक. पुढे मलिक अंबरने वसवलेली खडकी, पैठणचे सातवाहन आणि एकनाथ, अजिंठा. त्यानंतर पुणे-रायगड, दिल्ली, आणि उजव्या टोकाला इजिप्त. काळाची सरमिसळ होते हे खरं. मुलांनी कागदाची कालपट्टी फळीच्या खालच्या कडेला चिकटवून तो गोंधळ निस्तरला. पण गाडीच्या खिडकीतून किल्ला दिसला की कुठल्या पुस्तकाला हात घालायचा, हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही. पाठ्यपुस्तकाच्या क्रमात देवगिरी येतो आणि जातो. आमच्याकडे तो वर्षभर हाताशी असतो.

पिन मारलेल्या पातळ चित्रपुस्तकांचं दुखणं वेगळं. त्यांना कण्यावर नाव नसतं. उभी ठेवली की दोन जाड पुस्तकांत गडप. त्यांना फळीवरून उतरवून भाजीपाल्याच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये, मुखपृष्ठ समोर करून, जमिनीवर ठेवलं. वाळवीसाठी रॅक भिंतीपासून चार बोटं लांब, पावसाळ्यानंतर सगळं उन्हाच्या तिरिपीत, पण थेट उन्हात नाही. एवढं पुरे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पॅसेंजर थांबली आणि गल्लीतली सगळीच मुलं घरी शिकणारी झाली. पुस्तकं मागायला पोरं दारात येऊ लागली. तोवर दाखल क्रमांकांची वही होती. आता देवघेवीची निघाली आणि ती थोरलीने चालवली. त्याच सुमारास, जानेवारी २०२१ मध्ये, संभाजीनगर शहरातल्या बायजीपुऱ्यात मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने स्वतःजवळच्या पुस्तकांवर मोहल्ला बाल वाचनालय सुरू केलं. पुढे तशी तीसच्या आसपास उभी राहिली. ते वाचून आमच्या वहीला बळ आलं. शिवाय त्या वहीने एक गोष्ट उघड केली, जी कुठल्याही वर्गीकरणाने केली नसती: कुठली पुस्तकं कुणीच नेत नाही. मोठ्यांनी मोठ्या हौसेने आणलेले जाडजूड इंग्रजी ज्ञानकोश त्यात पहिले. पाढ्यांची आणि निबंधांची पुस्तकं दुसरी.

थोरलीने २०२४ मध्ये मुक्त विद्यालयातून दहावी दिली. धाकटाही आता चित्रपुस्तकांच्या वयाचा राहिलेला नाही. क्रेट अजून भरलेले आहेत आणि ते जपून ठेवायचे नाहीत, असं घरात ठरलं आहे. लासूर स्टेशन, गंगापूर, वैजापूर भागातल्या ज्या शाळेला किंवा वाचनालयाला दहा वर्षांखालच्या मुलांसाठी मराठी-हिंदी पुस्तकं हवी असतील, त्यांनी येऊन न्यावीत. कपाट नसलं तरी चालेल. वही घालायची मात्र तयारी हवी.