रक्तवाहिन्यांतला चुना: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

बॉथेल हे सिएटलच्या ईशान्येचं एक उपनगर. 1998 साली फिलिप्सने विकत घेतलेली एटीएल ही अल्ट्रासाउंड यंत्रांची नावाजलेली कंपनी इथलीच. किडनी निकामी झालेल्या रुग्णाच्या हृदयाच्या झडपांवर कॅल्शियम बसलं असेल, तर अशा यंत्राच्या पडद्यावर ते पांढरंशुभ्र चमकतं. ते पाहिलं की घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो तो दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करण्याचा. गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात, तसंच झडपांवर आणि रक्तवाहिन्यांतही होत असणार, असा हा सरळ हिशेब.

पण रक्तवाहिनी म्हणजे निर्जीव नळी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायूंच्या जिवंत पेशी असतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सेसिलिया जियाचेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या रक्तवाहिनीतल्या या पेशी त्यांनी बशीत वाढवल्या आणि भोवतीच्या द्रवातलं फॉस्फेट वाढवलं. पेशींनी हाडं घडवणाऱ्या पेशींची लक्षणं धरली आणि बशीत खनिजाचा थर जमू लागला. फॉस्फेटला पेशीत शिरण्याची वाट अडवली, तेव्हा हे थांबलं. थोडक्यात, धमनी हाडासारखी वागू लागते आणि तिला तिकडे ढकलण्यात फॉस्फरसचा मोठा वाटा असतो. निरोगी किडनी जादा फॉस्फरस लघवीतून काढून टाकते; आजारी किडनीला ते जमत नाही.

'हा म्हातारपणाचा आजार आहे' हाही असाच एक समज. 2000 सालीच लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी डायलिसिसवरच्या तरुणांच्या हृदयधमन्या तपासल्या. 20 ते 30 वयाच्या 16 जणांपैकी 14 जणांच्या धमन्यांत कॅल्शियम सापडलं. तिशीही न गाठलेली ही मुलं!

खरं तर हृदयाच्या धोक्याची घंटा सिएटलमध्ये फार आधीच वाजली होती. 9 मार्च 1960 रोजी डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या पथकाने क्लाइड शील्ड्स या बोइंगच्या कामगाराच्या हाताला कायमची नळी बसवली आणि दीर्घकाळ डायलिसिस करणं शक्य झालं. शील्ड्स आणखी 11 वर्षं जगले. 1971 मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो हृदयविकाराच्या झटक्याने.

आता डायलिसिसचाच हिशेब पाहू. आहारातून दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात गेला आणि त्यातला सुमारे 60 टक्के शोषला गेला, तर आठवड्याला 4200 मिलिग्रॅम रक्तात येतो. चार-चार तासांच्या तीन डायलिसिसमध्ये बाहेर पडतो जेमतेम 2400 ते 3000. म्हणजे 'मशीन सगळं काढतं' हे खरं नाही. उरलेल्यासाठी फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या असतात आणि त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. गोळी ताटाशेजारी हवी, उशाशी नव्हे. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी रिकाम्या पोटी घेतली, तर अन्नातला फॉस्फरस सुटून जातो आणि कॅल्शियम मात्र रक्तात जातं. कॅल्शियमवाल्या गोळ्यांचा डोस मर्यादित ठेवावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात; सेव्हेलामरसारख्या गोळ्यांत कॅल्शियम नसतं. पण कुठली गोळी आणि किती, हे किडनीतज्ज्ञानेच ठरवायचं.

सगळ्यात फसवी आशा म्हणजे साचलेला चुना विरघळवण्याची. त्यासाठी म्हणून केलं जाणारं 'चिलेशन' किडनीच्या रुग्णाला धोक्याचं आहे, कारण ईडीटीए हे त्यातलं औषध किडनीवाटेच बाहेर पडतं आणि रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली आणू शकतं. जीवनसत्त्व 'के'च्या गोळ्यांवर मोठी भिस्त होती, पण डायलिसिसच्या रुग्णांवरच्या बहुतेक चाचण्यांत कॅल्शियम साचणं थांबल्याचं दिसलं नाही. एसएनएफ472 या औषधाच्या 274 रुग्णांवरच्या चाचणीत वर्षभरात हृदयधमन्यांतलं कॅल्शियम 20 ऐवजी 11 टक्क्यांनी वाढलं. वेग मंदावला, पण साचलेलं गेलं नाही. म्हणून आज उपचार म्हणजे वेग रोखणं: फॉस्फरस, पॅराथायरॉइड संप्रेरक, रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवणं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनमुळे कॅल्शियम साचायला मदत होते हे खरं, पण ते मनानेच बंद करणं जिवावर बेतू शकतं.

मराठी घरात हमखास चालणारा सल्ला म्हणजे 'डाळ-उसळ सोडा'. डाळींतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो आणि तो माणसाला पुरता पचत नाही. 2011 च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात नऊ किडनीरुग्णांना आठवडाभर शाकाहार आणि आठवडाभर मांसाहार दिला. दोन्हींत फॉस्फरस जवळपास सारखाच होता, तरी शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातला फॉस्फरस कमी राहिला. डाळीत पोटॅशियमही असतं, म्हणून तिचं प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारावंच लागतं, पण खरा चोर बसलेला असतो पाकिटात. कोला, प्रोसेस्ड चीज, टिकवलेलं मांस यांत घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळंच शोषलं जातं.

बॉथेलच्या दुकानातल्या पाकिटावर फॉस्फरसचं प्रमाण बहुधा छापलेलं नसतं. घटकांच्या यादीत 'फॉस' ही अक्षरं शोधावी लागतात. पुण्या-नागपुरात घेतलेल्या पाकिटावर फॉस्फेटचे आयएनएस क्रमांक, म्हणजे 338 ते 341 आणि 450 ते 452, पाहा. ते दिसले आणि घरात किडनीचा रुग्ण असेल, तर पाकीट दुकानातच ठेवून या.