मुलांच्या हातची शरदशोभा

पाऊस ओसरून आश्विन लागला कीं सणांची रांग सुरू होते, आणि "आतां आम्ही काय करूं?" हा मुलांचा प्रश्न गृहिणीच्या कानीं वारंवार पडूं लागतो. अलीकडे बाजारानें या प्रश्नाचें सोपें उत्तर देऊन ठेविलें आहे. आकाशकंदील तयार, किल्ला तयार, शाळेंत 'हॅलोवीन' साजरें व्हावयाचें असेल तर भुताचा मुखवटाहि तयार! मुलानें बोट दाखवावें आणि वडिलांनीं पैसे मोजावे. परंतु अशानें मुलाच्या हातांस काम मिळत नाहीं; आणि ज्या हातांस लहानपणीं काम मिळालें नाहीं, त्यांस पुढें कौशल्य यावें कोठून?

इंग्रजी पुस्तकांतून या ऋतूंतील कामाचे जे नमुने येतात, त्यांत बहुधा गळलेलीं लाल-पिवळीं पानें कागदावर चिकटविण्यास सांगितलेलें असतें. तिकडे पानगळ शरदांत होते, म्हणून तें योग्यच आहे. आपल्याकडील गोष्ट निराळी. शहापूर तालुक्यांत भातसा धरणाजवळ वसलेल्या भातसानगराच्या भोंवतीं आश्विनांत पाहावें, तर साग व ऐन अद्याप हिरवेगार असतात. त्यांची पानगळ पुढें शिशिरांत. येथील शरदाचा रंग शेतांत उतरतो. भात पिवळें होतें, बांधावर कुर्डूचे तुरे डोलूं लागतात. तेव्हां साहित्य निवडावयाचें तें आपल्या दारचा ऋतु पाहून.

पहिलें काम रंगांचें. सागाचें कोवळें पान तळहातावर चोळलें कीं हात लाल होतो. चार-पांच वर्षांच्या मुलास ही जादूच वाटते! त्याच पानानें जाड कागदावर रेघा ओढतां येतात. हळद कालविली कीं पिवळा आणि तांदळाची पिठी भिजविली कीं पांढरा रंग सिद्ध झाला. बांबूच्या काडीचें टोंक ठेचलें म्हणजे कुंचला झाला. पालघर-ठाण्याकडील वारली स्त्रिया भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात, तो अशाच पिठीनें व अशाच काडीनें. वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ एवढ्यावरच त्यांचीं माणसें उभीं राहतात. म्हणून लहान मुलांसहि तीं साधतात. भोंडल्याचा हत्तीदेखील पाटावर मुलीकडूनच काढवून घ्यावा.

दुसरें काम दिव्याचें. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनची कल्पना मुलांनीं शाळेंतून घरीं आणली, तर रागावण्याचें कारण नाहीं. आयर्लंड व स्कॉटलंड येथील लोक पूर्वीं सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. ते अमेरिकेंत गेल्यावर तेथें त्यांस भोपळा सोयीचा वाटला, एवढाच त्या भोपळ्याचा इतिहास. आपल्याकडेहि लाल भोपळा आहेच. लहानसा भोपळा घेऊन देंठाकडील टोपण वडील माणसानें कापून द्यावें. आंतील गर मुलानें चमच्यानें खरवडावा. डोळे-तोंड त्यानेंच कोळशानें रेखावें आणि सुरी मात्र मोठ्यांनीं चालवावी. गराचे घारगे करावे, म्हणजे कांहींच वायां जात नाहीं. नरकचतुर्दशीस पायाखालीं चिरडावयाचें कारिट असतें. त्यांतील एक-दोन अधिक आणून, अर्धें कापून, बिया काढून तेल-वात घातली कीं पणतीहि होते. कारिट फार कडू असल्यामुळें नंतर मुलांचे हात स्वच्छ धुवावे. अंधाराला भिणारें मूल स्वतः रेखलेल्या भुताच्या तोंडाला भीत नाहीं, उलट त्यास हंसतें. हा लाभ विकतच्या मुखवट्यांत नाहीं.

तिसरें काम किल्ल्याचें. आणि शहापूर-मुरबाडकडील मुलांस नमुन्यासाठीं दूर जाण्याचें कारणच नाहीं. आसनगांवाजवळील माहुली हा पळसगड, माहुली व भंडारगड अशा तीन भागांचा मिळून झालेला आहे. इ. स. १६३६ मध्यें शहाजीराजे येथें मोंगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यांत सांपडले होते; १६६५ च्या पुरंदरच्या तहांत हा किल्ला मोंगलांस द्यावा लागला; आणि १६७० मध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं तो परत घेतला. दगड-विटा रचून मधें दोन खिंडी ठेवाव्या, वर चिखलांत भिजविलेलें गोणपाट पसरावें आणि दिवाळीपूर्वीं आठ दिवस त्यावर मोहरी किंवा हळीव पेरावें. रोज पाणी शिंपडण्याचें काम सर्वांत धाकट्याकडे द्यावें. अंकुर प्रथम त्यालाच दिसले पाहिजेत. पायथ्याशीं भाताच्या पेंढ्याचीं झोंपडीं करावीं. तीन भाग मुलें हातानें रचतील, तर माहुलीचा इतिहास त्यांस पाठ करावा लागणार नाहीं.

वडीलधाऱ्यांस एकच पथ्य पाळावयाचें आहे. बुरूज वांकडा झाला, भोपळ्याचा एक डोळा मोठा झाला, हत्तीस सोंडेपेक्षां शेंपूट लांब आलें, तरी तें सुधारण्यास आपला हात पुढें करूं नये. सुधारलेली वस्तु सुबक दिसते खरी, पण ती मुलाची राहत नाहीं. आणि आपलें काम मोठ्यांस पसंत पडत नाहीं, एवढेंच त्याच्या मनांत रुजतें. सुरी, विस्तव व विंचूकांटा यांवर मात्र लक्ष ठेवावें. दगड उचलण्यापूर्वीं काठीनें हलवून पाहण्यास शिकवावें. फराळास आलेल्या पाहुण्यांस किल्ला दाखवावयाचा तो मुलानेंच, आणि तो सांगत असतां आईनें मध्यें बोलूं नये.