आधी बॉबीन, मग वरचा दोरा

सुरतेची भरतकामाची साडी हाती आली की ती आधी उलटी करून पाहावी. सुलट बाजूला फुलं कितीही झगमगोत, टाका कसा बसलाय ते पाठीवरच कळतं. साटीनच्या भरीव पट्टीखाली मधोमध बॉबीनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, पांढरा दोरा, रुंदीच्या साधारण एक तृतीयांश, आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत दोरा दिसला, तर यंत्राचं ते हेड, म्हणजे सुया बसवलेलं डोकं, नीट लावलेलं होतं. पाठ सगळी रंगीत असेल तर वरचा दोरा ढिला किंवा बॉबीन जास्त घट्ट. पांढरं सुलट बाजूला डोकावत असेल तर नेमकं उलट.

कपडे शिवताना दोन दोऱ्यांची गुंफण कापडाच्या जाडीत मधोमध बसवतात. भरतकामात ती मुद्दाम खाली ओढायची असते, कारण वर फक्त रंग दिसायला हवा. स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली यांनी 1863 मध्ये शिफली यंत्र बनवलं, तेव्हापासून यंत्रावरचं बरंचसं भरतकाम या दोन दोऱ्यांच्या ओढाताणीवर उभं आहे. आता डिझाइन संगणकावर पंच होतं, सुई मिनिटाला आठशे-हजार टाके घालते. दोऱ्याचा ताण मात्र आजही बहुतेक ठिकाणी माणूसच बोटांनी लावतो.

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत अहिराणी सहज कानी पडते. धुळे, जळगाव, नंदुरबारहून ताप्ती रेल्वे लाइनने आलेली कितीतरी कुटुंबं इथल्या कापडधंद्यात स्थिरावली आहेत. कारखान्यात हेल्पर म्हणून शिरलेला पोरगा ऑपरेटरच्या हाताकडे बघत बघत ताण लावायचं हे काम शिकतो. या शिक्षणाला प्रमाणपत्र नसतं, पण ते खरं कौशल्य आहे, आणि त्याची नोंद व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दोरा तुटला की नवशिक्याचा हात आधी वरच्या दोऱ्याचा ताण बदलणाऱ्या नॉबकडे जातो. जाणता ऑपरेटर आधी बॉबीनची डबी काढतो. डबीच्या पत्तीखाली दोऱ्याचा भुसा साचला असेल तर पत्ती उचललेली राहते आणि ताण आपोआप सुटतो. कागदाच्या कडेने तो भुसा काढायचा, मग दोऱ्याचं टोक धरून डबी लोंबती सोडायची. ती जागच्या जागी थांबली पाहिजे आणि हलका झटका दिल्यावर थोडीशीच खाली सरकली पाहिजे. सरसर घसरली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचा तोही अगदी किंचित. मापकावर हा ताण साधारण 18 ते 22 ग्रॅम भरतो. वरच्या रेयॉनच्या दोऱ्याला त्याच्या पाचपट-सहापट लागतो. बॉबीन ठीक झाल्याशिवाय वरच्या नॉबला हात लावणं म्हणजे चुकीत चूक मिळवणं.

वीस हेडांच्या, नऊ सुयांच्या यंत्रावर एकशे ऐंशी सुया, आणि प्रत्येक सुईच्या दोऱ्याचा ताण वेगळा लावावा लागतो. एका हेडचा दोरा तुटला तरी सहसा सगळं यंत्र थांबतं. जॉबवर्कचा भाव हजार टाक्यांमागे ठरतो, त्यामुळे थांबलेल्या मिनिटांचे पैसे कुणीच देत नाही. घाईत नॉब पिळले जातात, मग जॉर्जेटसारखं हलकं कापड चुण्या धरतं. उलट ताण ढिला ठेवला तर दोऱ्याचे फास वर राहतात, आणि घरी बसून धागा कटिंग करणाऱ्या बायकांच्या कात्रीत नको तो दोरा येतो.

पावसाळ्यात काम आणखी नाजूक होतं. व्हिस्कोज रेयॉन ओलावा शोषतं आणि ओलं झालं की कमजोर पडतं. म्हणून दोऱ्याचे कोन उघड्यावर न ठेवता झाकून ठेवावेत.

सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं ते जरीला. यंत्रावर चालणारी जरी बहुधा धातूचा मुलामा दिलेली प्लॅस्टिकची बारीक पट्टी असते, आतल्या दोऱ्यावर गुंडाळलेली. जास्त ओढली की पट्टी सोलते आणि आतला दोरा उघडा पडतो. तिच्यासाठी वरचा ताण कमी करायचा, मोठ्या नाकाची सुई लावायची, वेग उतरवायचा आणि आधी उरल्यासुरल्या तुकड्यावर साटीनची एक पट्टी काढून तिची पाठ तपासायची. पट्टी बरोबर उतरली तरच साडी फ्रेमवर चढवायची.