पेढीचे दुभंगलेले छायाचित्र

आमच्या पेठेतील वडिलोपार्जित धान्यपेढीची इमारत गेल्या वर्षी पाडावयाचे ठरले. सलग नऊ खणांची ती वास्तू अरुंद रस्त्यावर होती. समोर कोठेही उभे राहिले तरी एका छायाचित्रात मावत नसे. धाकट्या बंधूंच्या आग्रहावरून मी समोरच्या कडेने चालत बारा छायाचित्रे टिपली आणि संगणकावर जोडावयास बसलो. ओसरीचा एक खांब दोनदा उमटला, एक हातगाडी अर्धीच राहिली. पुन्हा टिपावे, तर तोवर भिंती खाली आल्या होत्या.

चूक चालण्यात होती. डोळ्यांसमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, की बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. माझ्या प्रत्येक पावलागणिक पुढचा खांब मागच्या दारावरून तसाच सरकत गेला. एका जागी स्थिर राहून केवळ कॅमेरा फिरवावयास हवा होता. शेजारच्या दोन चित्रांत सुमारे एक तृतीयांश भाग सामाईक असावा आणि उजेडाचे माप मध्येच बदलू नये, हेही नंतर कळले. जोडणारी प्रणाली त्या सामाईक भागातील खुणा एकमेकींशी पडताळते. दोन खातेवह्यांचा ताळमेळ घालण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही रीत परकी वाटली नाही. खुणाच नसलेली कोरी भिंत मात्र तिलाही जुळविता येत नाही.

संगणक नसतानाही हे काम झाले आहे. सोन्याच्या खाणीतून धनवान झालेले बर्नहार्ड होल्टरमन यांनी १८७५ साली स्वखर्चाने सिडनी शहराचे असे चित्र करविले. आपल्या घराच्या उंच मनोऱ्यावरून छायाचित्रकार चार्ल्स बेलिस यांच्यासह टिपलेल्या २३ चित्रांची ती पट्टी जवळजवळ दहा मीटर लांब आहे. काचेवर रसायन चढवावयाचे, ते ओले असतानाच चित्र घेऊन धुवावयाचे, असा तो काळ. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्यास कांस्यपदक लाभले. पुढे त्यांच्या संग्रहातील हजारो काचा विस्मृतीत गेल्या आणि १९५१ मध्ये एका घराच्या बागेतील खोपटात सापडल्या.

आमच्या बारा चित्रांपैकी डावीकडची पाच नातवाने नीट जुळविली आहेत. त्यांत वडिलांची गादी असे ती खिडकी येते. तेवढाच भाग छापून बंधूंकडे पाठविला आहे.