रात्री दोनची शिट्टी

दिवाळीची सुट्टी. स्वारगेटहून भोरची नाही तर वेल्ह्याची एसटी पकडून तुम्ही गावी पोचलात. खळ्यावर भात झोडणी चाललेली. तुम्हीही बाह्या सरसावून चार भारे झोडले. दोन-चार शिंका आल्या, छाती जरा आवळल्यासारखी झाली. खिशातला निळा पंप मारला, बरं वाटलं. जेवून झोपलात. आणि रात्री दोनला दचकून उठून बसलात. श्वास सोडताना छातीतून शिट्टी वाजतेय!

धूळ तर संध्याकाळी गेली. मग धाप आत्ता का? आई म्हणेल, 'थंडी बाधली.' खरं उत्तर तुमच्या स्वतःच्या पेशींकडे आहे.

पहारेकरी चुकतो कुठे?

तुमची श्वासनलिका म्हणजे राजगडाचा दरवाजा समजा. तिथे पहाऱ्यावर डेंड्रायटिक पेशी असतात. आत आलेला परका कण धरायचा आणि टी पेशींना नेऊन दाखवायचा, हे त्यांचं काम. जंतू असेल तर हे ठीकच. पण ॲलर्जी असणाऱ्यांच्या शरीरात साधे परागकण, बुरशी किंवा गोधडीतल्या धुळीतले सूक्ष्म कीटक यांनाही शत्रू ठरवलं जातं. मग 'टीएच-२' नावाच्या टी पेशी बी पेशींना हुकूम सोडतात आणि त्या 'आयजीई' ही प्रतिपिंडं बनवू लागतात. ही प्रतिपिंडं मास्ट पेशींवर जाऊन चिकटतात. या पहिल्या भेटीत तुम्हाला काहीच कळत नाही. फक्त बंदूक भरून ठेवली जाते.

पुढच्या वेळी तीच धूळ आली की मास्ट पेशी काही मिनिटांत फुटल्यासारख्या रिकाम्या होतात. हिस्टामिन आणि ल्युकोट्राईन बाहेर पडतात, नळीचे स्नायू आवळतात. ही झाली खळ्यावरची धाप. पण त्याच वेळी मागच्या फौजेला सांगावा गेलेला असतो. ती फौज म्हणजे इओसिनोफिल, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. त्या साधारण चार ते आठ तासांनी पोचतात, नळीच्या अस्तराला सूज आणतात, चिकट कफ वाढवतात. आता संध्याकाळी सहात आठ मिळवा. वाजले दोन!

या पेशींची ओळख तशी जुनी. मास्ट पेशी आणि इओसिनोफिल दोन्ही पॉल एर्लिक यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस ओळखल्या. आयजीईचा शोध मात्र १९६६चा. इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ जोडप्याने त्यासाठी स्वतःच्या कातडीवर सुया टोचून घेतल्या होत्या.

गावची हवा शुद्ध, मग?

शुद्ध आहेच, पण रिकामी नाही. धो धो पावसात ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते. पेटीतली घोंगडी वर्षातून एकदाच बाहेर निघते. उन्हाळ्यात राब भाजणीचा धूर, चुलीचा धूर. बांधावर गाजर गवत. हे गवत भारतात पसरत असल्याची नोंद पहिल्यांदा झाली ती आपल्या पुण्यातच, १९५०च्या दशकात.

याला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. जनावरांच्या सान्निध्यात, जुन्या पद्धतीने शेती करणाऱ्या आमिश मुलांमध्ये दम्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. यंत्रांवर शेती करणाऱ्या हटराइट मुलांमध्ये सुमारे २१ टक्के. गोठ्याच्या धुळीतले जंतू लहानपणीच भेटले, तर पेशी बहुधा शहाण्या होतात. पण थांबा, दमा जडल्यावर गोठा झाडणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे. तेव्हा ती धूळ त्रासच देते.

निळ्या पंपाचा भ्रम

आता मुद्द्याचं. निळा पंप फक्त आवळलेले स्नायू सैल करतो. मागून येणाऱ्या इओसिनोफिलच्या फौजेला तो हातही लावत नाही. म्हणून 'बरं वाटतंय' म्हणजे 'बरं झालंय' असं नाही. सूज कमी करतो तो स्टेरॉइड असलेला पंप, डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला. 'त्याची सवय लागते' म्हणून तोच आपण आधी बंद करतो! खरं तर त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट नळीत पोचतं. दम्यावर उपचार सुचवणाऱ्या 'जीना' या जागतिक संस्थेनेही २०१९ पासून केवळ निळ्या पंपावर राहू नका, असं स्पष्ट सांगितलंय.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाताना दोन्ही पंप बॅगेत टाका. झोडणीला तोंडावर ओला रुमाल किंवा मास्क बांधा. घोंगडी आधीच कडक उन्हात घालून दुसऱ्या कुणाकडून तरी झटकून घ्या. पंप वारंवार लागतोय, रात्री जाग येतेय, तर डॉक्टरांना गाठा. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच १०८ लावा. वेल्ह्याच्या आतल्या वाडीतून दवाखाना लांब असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि होय, मित्रांसमोर पंप काढायला लाजू नका. तोरणा चढताना दम लागला म्हणून कुणी हसलं, तर त्याला इओसिनोफिलची गोष्ट सांगा. तोवर तुमचा श्वास जागेवर येईल.