दुसऱ्याच्या वर्गात

किनवट तालुक्यातल्या आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिकवायला गेलं की मुलं नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, "सर, तुम्ही किती दिवस?" कधी पद रिकामं असतं, कधी गुरुजी रजेवर, कधी निवडणुकीच्या कामाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांची शिक्षणेतर कामांतून सुटका केली खरी, पण कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका राहिल्याच. तेवढ्या दिवसांत वर्ग कुणीतरी सांभाळायचा असतो.

"कुठपर्यंत आलंय?" म्हटलं की पाचवीतली मुलं तीन वेगवेगळे धडे सांगतात. म्हणून पुस्तक मिटून फळ्यावर एकच गणित लिहायचं, ६२ वजा २८, आणि बाकांमधून फिरायचं. कुणाचं उत्तर ३४. कुणाचं ४६, कारण दोनातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठातून दोन काढलेत. एकीने पाटीवर बासष्ट रेघा ओढून अठ्ठावीस खोडल्यात. तिचं उत्तर बरोबर, पण त्यात अर्धा तास गेलेला. मागच्या बाकावर शिट्टी वाजवणाऱ्याची पाटी कोरी. त्याला अजून दशक-एकक कळलेलं नाही, आणि ते झाकायला शिट्टी बरी पडते.

मग पऱ्हाटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. एक गठ्ठा सोडल्याशिवाय आठ काड्या देता येत नाहीत, हे हाताला कळलं की हातच्याची भीती कमी होते. गोंगाट होतोच. पैनगंगेच्या या पट्ट्यात गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलणारी मुलं एकाच वर्गात असतात. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे तेलुगूही कानावर पडते. कुजबुज आणि हसू ऐकून नव्या माणसाला वाटतं, आपली टिंगल चाललीय. जवळ जाऊन पाहिलं तर एकजण दुसऱ्याला गणित समजावत असतो. अशा वेळी "गप्प बसा" म्हणून छडी आपटली की शिकवणंच थांबतं. कोण कुणाला समजावतो, हे कायमच्या गुरुजींना पाठ असतं. नव्याने ते पहिल्या दिवशीच टिपून घ्यावं.

टाचण वहीत "वजाबाकी घेतली" एवढं लिहून भागत नाही. कोण कुठे अडलं, हे नावानिशी लिहिलं तरच पुढे येणारा तिथून सुरुवात करील. मानधन घेतलेल्या तासांचं मिळतं. या लिहिण्याचा तास कुठल्याच वेळापत्रकात नाही. त्यामुळे पुढचा माणूस येतो तेव्हा वर्ग पुन्हा पहिल्या धड्यावर असतो.