आजोबांची गाडी, इंजिन कुणाचं?

मुलांनो, गाडीचं इंजिन म्हणजे गाडीचं हृदय, असं आपण सहज म्हणून जातो. पण माणसाचं हृदय बदलायचं तर डॉक्टर आधी किती तपासण्या करतात! गाडीचंही तसंच. 'जुनं काढा, नवं बसवा' इतकं ते सोपं नसतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी सध्या हाच वाद रंगला होता. त्यांच्याकडे आजोबांची १९७३ सालची अँबॅसडर आहे. साताऱ्याहून पुण्याला निघाली की खंबाटकीच्या घाटात ती तापायची, मागून धूर सोडायची. काका म्हणाले, "डिझेल इंजिन टाकू." बाबा म्हणाले, "जास्त ताकदीचं पेट्रोल इंजिन घेऊ." आणि आजोबा? ते म्हणाले, "माझ्या गाडीला परकं इंजिन नको!" खर्च तर मोठा. मग कुणाचं ऐकायचं?

आधी ओळख करून घेऊ

अँबॅसडर ही मूळची इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीची बहीण. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती तयार व्हायची. २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. १९७३च्या गाडीत १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन असे. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. चारही सिलिंडरांत पिस्टन वरखाली होताना जेवढी जागा व्यापतात, तिचं हे माप. या इंजिनाची ताकद सुमारे ५० अश्वशक्ती.

आता एक गणित करा. गाडी आणि आत बसलेली पाच माणसं मिळून १४०० किलो वजन धरा. भागिले ५०. म्हणजे एका 'घोड्या'च्या वाट्याला २८ किलो! घाटात घोडे दमणारच.

दुखणं कुठे आहे?

चांगला मेस्त्री इंजिन लगेच उतरवत नाही. आधी धूर बघतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर सतत येत असेल, तर रेडिएटरचं पाणी सिलिंडरात शिरत असण्याची शक्यता. मग तो प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब मोजतो. चारातला एकच सिलिंडर कमी दाब दाखवत असेल, तर दुखणं तिथे आहे. गाडी तापते ती कधी नुसता रेडिएटर गाळाने चोंदल्यामुळेही. ताप आला म्हणून कुणी हृदय बदलतं का?

तीन वाटा

पहिली वाट आजोबांची: तेच इंजिन पुन्हा बांधायचं. सिलिंडर झिजले असतील तर बोअर करायचे, त्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घालायच्या, बेअरिंग बदलायचं. ताकद वाढत नाही, पण हरवलेली परत मिळते.

दुसरी वाट बाबांची: इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन. हे खुद्द कंपनीनेच १९९०च्या दशकात अँबॅसडरमध्ये बसवलं होतं, पाच गिअरांसह. ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती. पुन्हा गणित करा: १४०० भागिले ७५. एका घोड्यावर १९ किलोंपेक्षाही कमी भार!

या इंजिनामागे एक गंमत आहे. याच कंपनीची काँटेसा नावाची ऐटदार गाडी १९८०च्या दशकात आली, तेव्हा तिच्यातही जुनं १४८९ सीसीचंच इंजिन होतं. गाडी दिसायची पहिलवान, पळायची मात्र मंद. पुढे तिला इसुझूचं इंजिन मिळालं, तेव्हा कुठे ती रुबाबाला शोभेल अशी धावू लागली.

तिसरी वाट काकांची: डिझेल. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात, की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे तेल कमी लागतं. पण एवढा दाब सोसायला इंजिन जाडजूड लागतं, आवाज आणि थरथर वाढते. शिवाय अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी डिझेल इंजिनाची ताकद ४० अश्वशक्तीच्याही आत होती. म्हणजे घाटात आणखी हळू!

नुसतं इंजिन बदलून भागत नाही

मोठं इंजिन आलं की पाठोपाठ गिअरबॉक्स, माउंटिंग, रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप असं बरंच काही बदलावं लागतं. सगळ्यांत महत्त्वाचे ब्रेक. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला लागणारी ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते! जुन्या अँबॅसडरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. पळण्याची ताकद वाढवली आणि थांबण्याची वाढवली नाही, तर ते धोक्याचंच.

कायदा काय म्हणतो?

पालकांनी हा भाग जरूर वाचावा. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेली मूळ माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. त्याच जातीचं इंजिन बसवायचं तरी आरटीओची मंजुरी घ्यावी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. वेगळ्या जातीचं इंजिन किंवा वेगळं इंधन असेल, तर विकत घेण्याआधीच आरटीओत विचारावं. नाहीतर पैसे जातील, गाडी दारात उभी राहील आणि अपघात झाला तर विम्यावरूनही वाद होईल.

२०२१ सालचा आणखी एक नियम आहे. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. इंजिनात मोठा फेरफार केला की हा मान गेला! मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

मग ठरलं काय?

त्या मुलीच्या आजीने एकच प्रश्न विचारला, "गाडी हवीय कशाला?" रोज पुण्याला जायला? त्यासाठी घरात दुसरी गाडी आहे. ही लागते सणासुदीला आणि लग्नकार्याला. तपासणीत एका सिलिंडरच्या रिंगा गेलेल्या आणि रेडिएटर चोंदलेला निघाला. मग जुनंच इंजिन बांधायचं ठरलं. वाचलेल्या पैशांतून आधी ब्रेकचं काम होणार आहे. काका थोडे हिरमुसले, पण गणित त्यांनाही पटलं.

गाडी रोज लांब पळवायची असती, तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं.

करून पाहा

आईबाबांना विचारून घरच्या गाडीची किंवा स्कूटरची आरसी बघा. इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन आणि उत्पादनाचं साल शोधा. मग गाडीचं वजन आणि अश्वशक्ती विचारून घ्या आणि एका घोड्याच्या वाट्याला किती किलो येतात ते काढा. पण लक्षात ठेवा, चालू इंजिनाजवळ हात न्यायचा नाही आणि बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवायची नाही. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास!